फलाटावरची दाद

सलग तीन गाणी एम्मेट डोळे मिटून गायला, गाड्यांच्या धडधडीवर सूर चढवत. संपल्यावर टाळ्यांसाठी थांबला, तर एकही वाजली नाही. हार्लेमच्या भुयारी स्टेशनातली माणसं नुसती उभी. कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या कडेवर पोर.

फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये त्याचा वरचा सूर लागला की बायका टोप्या सावरत उठून उभ्या राहायच्या. आणि इथे या चार म्हाताऱ्यांच्या जोडीने गायचं, वाजवायला साधा डबाही नाही, नुसते गळे.

"झक मारली आणि तुझ्या नादी लागलो," तो खर्ज लावणाऱ्या थॅडियसच्या कानाशी पुटपुटला. "दगड आहेत सगळे."

"तोंड आवर आणि पुढचं उचल. पण या वेळी डोळे उघडे ठेव."

एम्मेटने चडफडत सूर लावला. मध्येच गाडी आली, दारं उघडली. आता फलाट रिकामा होणार म्हणून त्याने आवाज आवरता घेतला, तसं थॅडियसने त्याला कोपराने ढोसलं. टायवाल्या एकाने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि तो तिथेच राहिला. पोरवाली हलली नाही. कुणीच हललं नाही. दारं मिटली, गाडी गेली. उलट गाडीतून उतरलेले चौघे प्रवासी गर्दीत येऊन मिसळले.

गाणं संपलं. टाळी याही वेळी नव्हती.

"या गावात माणूस सख्ख्या आईसाठी गाडी सोडत नाही," थॅडियस म्हणाला. "आणि मघाशी तुझे डोळे मिटलेले होते ना, तेव्हा दोन सोडल्या यांनी."