नावाखालच्या दोन ओळी

मतमोजणी चालली होती त्या शाळेतून मित्सुए बाहेर आली, तेव्हा शिगेयोने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"सारखी मतं पडली," शिगेयोच्या वतीने मोजणीला बसलेली मित्सुए म्हणाली. "मग चिठ्ठ्या टाकल्या. उमेझूची निघाली."

म्हणजे नगरसभेतली शेवटची जागा त्या मासळीच्या व्यापाऱ्याला. त्याच्या वखारीतून विहिरीच्या गल्लीत वाहणारं गटार आता आणखी चार वर्षं उघडंच राहणार. गेल्या उन्हाळ्यात त्या गल्लीत हगवणीने तीन पोरं गेली होती.

"तुझं एक मत बाद झालं," मित्सुए खाली बघत म्हणाली. "नाव तुझंच, स्वच्छ. पण खाली दोन ओळी खरडलेल्या. मला वाचायलाही मिळाल्या नाहीत."

शिगेयो पायरीवर बसली. बायकांना मत मिळावं म्हणून ती पंचवीस वर्षं दारोदार हिंडली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. युद्ध संपल्यावर ते मिळालं. उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, म्हणून तिने बेचाळीस जणींना हिवाळाभर राखेत अक्षरं गिरवायला लावली. आणि शंभरदा बजावलं, नावाखेरीज काही लिहू नका, मत फुकट जाईल. तरी कुणाला तरी पुळका आलाच.

तिला घरी जाववेना. ती तडक विहिरीवर गेली आणि एकेकीला विचारत सुटली. शेवटी राहिली मासे वाळत घालणारी कुमा म्हातारी.

"आजी, खरं सांगा. नावाखाली 'यश मिळो' वगैरे लिहिलंत का?"

"अगं बाई, नुसतं तुझं नाव लिहायला माझा हिवाळा गेला. दोन ओळी लिहायच्या तर पुढचा जन्म घ्यावा लागेल मला."

सगळ्या हसल्या. शिगेयोलाही हसू आलं, आणि मग रडू आवरेना. मग लिहिलं कुणी? वाटभर दुसरं काही सुचलं नाही.

घरी नवरा, तोकुजिरो, एकटाच बसला होता. सोळा वर्षांपूर्वी त्याने तिने जमवलेल्या सह्यांचा गठ्ठा न्हाणीच्या चुलीत घातला होता. तेव्हापासून घरात मताचा विषय निघाला नव्हता. तिचा वर्ग भरला की तो उठून उमेझूकडे सोंगट्यांचा पट मांडायला जाई. काल मत द्यायलाही त्याच्याबरोबरच गेला.

आज मात्र त्याने स्वतः चहा केला होता. त्याने पेला तिच्यापुढे सरकवला.

"हरले," ती म्हणाली. "जा, मित्राचं अभिनंदन करून या."

"ऐकलं मी." त्याने आपला पेला हातात फिरवला. "मोजताना प्रत्येक मत वाचतात ना गं?"

"वाचतात की."

"तोंडाने मला कधी जमलंच नसतं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या नावाखाली मी माफी मागितली होती. तुला वाचून दाखवली ना त्यांनी?"