दहा यार्डांची साखळी

मुख्य पंचांनी बर्फावर पडलेल्या चेंडूपाशी गुडघा टेकला, डोळे बारीक करून पाहिलं आणि मैदानाच्या कडेकडे हात केला. साखळी आणा.

साखळीच्या दोन टोकांना दोन काठ्या होत्या; एल्मर व्रोनाने पुढची काठी उचलली. मागची काठी एका साथीदाराने घेतली आणि साखळीवरची क्लिप एल्मरच्या मेव्हण्याने, गसने. तिघे धावत निघाले. सत्तर हजार माणसं उभी होती, आणि कुणाचा आवाज नव्हता.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर समोरच्यांना जातो. हा चौथा प्रयत्न होता. एक्केचाळीस सेकंद उरले होते आणि घरचा संघ तीन गुणांनी मागे होता. चेंडू राहिला तर जिंकण्याची आशा होती, आणि जिंकलो तर एकोणीस वर्षांनी बाद फेरी. चेंडू गेला तर हंगाम इथेच संपला.

तेव्हा हे मोजमाप अजून माणसांच्या हातात होतं. साखळीची जी कडी मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर येते तिला पहिल्या प्रयत्नाआधीच खुणेची क्लिप लावून ठेवायची; मोजताना तीच कडी पुन्हा त्या रेषेवर टेकवायची, साखळी ताणायची आणि पुढची काठी कुठे येते ते पाहायचं. साखळीवाले सगळे याच गावचे. एरवी कुणी घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा, कुणी शाळेत शिकवायचा. रविवारी सामन्यात मात्र त्यांनी कुणाच्याच बाजूचं नसायचं. टाळी नाही, हूं की चूं नाही. एल्मरने हे सव्वीस वर्षं पाळलं होतं. गसला दर रविवारी ओठ दाताखाली धरावा लागायचा.

धावता धावता एल्मरने मागे पाहिलं. गसच्या जाड हातमोज्यातून क्लिप निसटली. त्याने ती घाईघाईने पुन्हा लावली, पण त्याच कडीला नाही, पुढच्या कुठल्यातरी. दोघांची नजरानजर झाली. गसने मान खाली घातली.

क्लिप रेषेवर टेकली. साखळी ताणली गेली. एल्मरने काठी उभी केली. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं.

पहिल्या रांगांना ते आधी दिसलं, मग सगळं स्टेडियम एकदम ओरडलं. पंच उठू लागले.

"साहेब," एल्मर म्हणाला, "क्लिप हलली आहे."

त्या गलक्यात पंचांना ऐकूच आलं नाही. त्यांनी कानाशी हात नेला. "काय म्हणालात?"

एल्मर थोडा थांबला. मग त्याने आवाज चढवला. "वाटेत क्लिप सुटली होती. हे माप खरं नाही."

"कुणाच्या हातून सुटली?"

"आमच्या."

अशाच वेळेसाठी पलीकडच्या कडेला तीच दहा यार्डांची हद्द दाखवणारी आणखी एक काठी उभी असते. पंचांनी तिच्यावरून नजर लावली. दुसऱ्या पंचांना बोलावलं, त्यांनीही लावली. चेंडू अलीकडे होता. पंचांनी समोरच्यांच्या दिशेने हात केला.

समोरच्यांनी पुढे न खेळता, उरलेले सेकंद चेंडू घेऊन नुसते गुडघे टेकत घालवले आणि सामना संपला.

"तुला कुणी विचारलं होतं का?" मैदान रिकामं झाल्यावर साखळी पोत्यात भरत गस म्हणाला.

"नाही."

"मग? सव्वीस वर्षं तोंड बंद ठेवलंस, आणखी एक मिनिट ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

एल्मर काठीवरचा बर्फ पुसत राहिला. "विचारलं असतं तर सोपं गेलं असतं."

"हे असलं मला नको ऐकवूस." गसचा आवाज चिरकला. "चूक माझी होती. मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"साखळी तिघांची आहे, गस."

गसने पोतं खांद्यावर टाकलं आणि तो पुढे चालू लागला. एल्मर त्याच्या मागून निघाला.

बाहेर गाड्यांच्या तळावर प्रेक्षकांनी खाण्यापिण्यासाठी पेटवलेल्या शेगड्या विझत आल्या होत्या. सॉसेज तसेच करपून पडले होते. मोठ्या पडद्यावर एल्मरचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता.

"हाच तो! साखळीवाला!"

"काय रे, तू आमचा का त्यांचा?"

"दुसऱ्या गावात घर बघ आता, म्हाताऱ्या!"

बिअरचा एक रिकामा डबा एल्मरच्या पायाशी येऊन पडला. तो वळसा घालून पुढे गेला. गसची चाल मंदावली आणि दोघे शेजारी आले.

एका जुन्या व्हॅनपाशी घडीच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, ब्लँकेटात गुंडाळलेली, संघाची टोपी कानांवर ओढलेली. तिने हात वर केला.

"अहो, थांबा जरा. मी पार वरच्या रांगेत होते. मला मेलीला काही दिसलंच नाही. किती कमी पडलं?"

एल्मरने हातमोजा काढला. चार बोटं जुळवून तिच्यासमोर आडवी धरली.

म्हातारीने चष्मा सारखा केला. त्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली.

"एवढंच? नक्की?"

एल्मर काही बोलायच्या आत गसने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं.

"नक्की, बाई," तो म्हणाला. "खरं माप आहे ते."

म्हातारीने त्या चार बोटांवरून आपली बोटं उचलली.

"मग फार जवळ आलो होतो की आपण," ती म्हणाली.