जाड भिंतीची खोली

खोलीत पाय टाकल्याबरोबर गोजराबाईनं भिंतीवर मूठ आपटून पाहिली. आवाज पोकळ आला. तिनं मान हलवली.

"भिंत कायले वाजवून राह्यली वं?" बबनराव म्हणाले. "पंखा पाह्य. विजेचा हाये."

वाशीमच्या नव्या कोऱ्या 'प्रभात लॉज'ची ही वरच्या मजल्यावरची खोली. सगळं सिमेंटचं, कोपरे गोल, बाहेर अर्धगोल गॅलरी. फरशीत रंगीत खडे बसवलेले, नळ खोलीतच. इमारतीचा नकाशा म्हणे मुंबईहून आणला होता. लॉजवाला बटन दाबून दिवा लावत होता, विझवत होता, जसा काही तो उजेड त्याच्याच वावरात पिकला होता.

शेजारच्या खोलीत कोणीतरी खोकलं. ते इथं स्पष्ट ऐकू आलं.

"दुसरं पाहू," गोजराबाई म्हणाली.

बबनराव मुकाट्यानं जिना उतरले, याचंच तिला नवल वाटलं. माणूस किन्हीराजातला साठ एकरांचा धनी. चौदा वर्षांच्या संसारात त्यानं बायकोचं मत एकदाच विचारलं होतं, म्हैस विकू का म्हणून. आणि तेव्हाही म्हैस सकाळीच विकून झाली होती. तोच माणूस एकोणीसशे पंचावन्नच्या या चैतात, अक्षय्य तृतीया तोंडावर असताना, आपण होऊन म्हणाला, "वाशीमले चाल. आखाजीले चार रोज हॉटेलात राह्याचं हाये. कोणतं घ्यावं ते तू सांग."

घरात सासू, दोन दीर, दोन जावा आणि त्यांची सात लेकरं. आठवं गोजराबाईचं असतं, पण ते आलंच नव्हतं. नवराबायकोची निजायची जागा फळ्यांच्या आडोशामागं, आणि आडोशाच्या पल्याड सासूबाईंचा खोकला. चौदा वर्षं तो खोकला पहाऱ्यावर होता. आता चार दिवस, एक दार, आतून कडी. तिनं कोणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण हिशेब मांडून ठेवला होता. चौदा वर्षांत पदरी पडलं नाही ते या चार दिवसांत पडलं तर? तिशीच तर होती.

'दरबार हॉटेल' तळ्याच्या अंगाला होतं. वाशीम जिल्ह्याचं ठिकाण होतं तेव्हा गोरे अंमलदार इथंच उतरायचे. सागवानी जिना, छताला हंड्या, खिडक्यांना रंगीत काचा, भिंतीवर सांबराची शिंगं. मॅनेजर मदनसिंग चाव्या खुळखुळवत पुढं चालला होता.

"याच पलंगावर नवाबसाहेब झोपून गेले, बाई."

"मंग त्याच्यानंतर गादी बदलली का नाही?"

मदनसिंग हसला.

गोजराबाईनं भिंतीवर मूठ आपटली. हाताला लागलं, आवाज आला नाही. मग तिनं दोघांनाही बाहेर उभं केलं, दार लोटलं आणि कडी घातली. जरा वेळानं दार उघडून तिनं विचारलं, "हाक मारली का तुमी?"

"तीनदा," बबनराव म्हणाले.

ती हसली. घरात जावांना हे हसू दिसलं असतं तर चार दिवस त्याचीच चर्चा पुरली असती.

"पण हे शिंगं पाहून नव्या माणसाले भेव नाही वाटनार?" बबनरावांनी विचारलं.

"दोन रोजात सवय होते."

"नाही, म्हनलं आजकालच्या पोरीबाळींले सिमिटाचंच आवडते. उजेड, पंखा..."

"मी का आजकालची पोर हाव?"

बबनराव खिडकीच्या लाल काचेतून बाहेर पाहत राहिले. "आरशात पुरं दिसते का, ते पाह्य."

आरसा माणसाएवढा होता. डोक्यापासून पायापर्यंत एका दमात स्वतःला तिनं पहिल्यांदाच पाहिलं. वाटलं होतं तितकं काही बिघडलेलं नव्हतं.

"दिसते," ती म्हणाली.

"मंग हेच?"

"हेच. पलंग तेवढा खिडकीपासून सरकवा, सकाळचं ऊन डोयावर येईन." आणि मदनसिंगकडं न पाहता तिनं विचारलं, "मोगरा भेटते का इथं?"

"रोज आणून ठेवू, बाई."

विचारून बसल्यावर तिला लाज वाटली. पण बबनराव रागावले नाहीत. उलट म्हणाले, "बरं आठवलं तुले." भाडंही त्यांनी विचारलं नाही. गोजराबाईनं दोन्ही गोष्टी मनात जमेला धरल्या.

खाली येऊन मदनसिंगनं जाडजूड वही उघडली, टाक दौतीत बुडवला. "आखाजीपासून चार रोज. नाव?"

"बबनराव. किन्हीराजा. वय बेचाळीस."

"सोबत?"

"बायको."

"बाईचं नाव सांगा. वय पण."

गोजराबाईनं पदर सारखा केला. नवऱ्यानं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. घरातलं सगळं 'वं' वर भागत होतं. आता वहीसाठी का होईना, त्याला ते घ्यावंच लागणार होतं. नीट ऐकू यावं म्हणून ती एक पाऊल पुढं सरकली.

"रंगूबाई," बबनराव म्हणाले. "आसेगावची. वय लिहा अठरा."

मदनसिंगचा टाक थांबला. त्यानं मान वर करून गोजराबाईकडं पाहिलं. "आनि ह्या?"

"हे थोरली. चारच्या मोटारीनं वापस जाते," बबनराव म्हणाले. "पोरीच्या बापाची अट हाये, थोरलीची ना नाही हे दिसाले पाह्यजे, तिनं सोता येऊन खोली पसंत करावी, मंगच तो पोरीले हळद लावू देईन."