राणोजीचं सुतक

"आज श्रीखंड करणार नाही. आपल्याला सुतक आहे," कुमुदिनीबाई पुस्तक मिटून डोळे पुसत म्हणाल्या.

"कोण गेलं?" त्यांचे यजमान दाजीबा दचकले.

"राणोजी. बसऱ्याच्या लढाईत."

"अगं, तो कादंबरीतला शिपाई! शंभर वर्षांपूर्वीचा!"

"त्याच्या आईला अजून कळलेलंसुद्धा नाही हो."

दाजीबांनी हसत हसत हे गल्लीत सांगितलं आणि फसले. दुपारी बायका खरोखरच भेटायला येऊ लागल्या. कुणी विचारलं, लग्न झालं होतं का. कुणी विचारलं, शेवटी तोंडात पाणी तरी पडलं का. दाजीबा कपाळाला हात लावून सगळ्यांसाठी चहा टाकत राहिले.

संध्याकाळी शेजारच्या सगुणामावशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. त्यांचा मुलगा सीमेवर धारातीर्थी पडला तेव्हा सारा गाव लोटला होता, पण 'वीरमाता रडत नसते' म्हणत कुणी त्यांना रडू दिलं नव्हतं.

"कसा होता गं राणोजी?" त्यांनी विचारलं.

"फार हट्टी. आईला न सांगताच भरती झाला."

"माझाही तसाच," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. कुणी त्यांना गप्प केलं नाही. दाजीबाही मुकाट्यानं भुईवर येऊन बसले.