अडतीस वाव, वाळू

दोरीच्या टोकाचं शिसं महिपत तांडेलाने स्वतः वर ओढून घेतलं आणि खलाशांकडे पाठ करून उलटं केलं. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली होती. तिला समुद्राचा तळ चिकटून येतो. चिखल आला तर किनारा जवळ, वाळू आली तर अजून लांब.

चरबीवर वाळूचे कण होते. महिपतचा अंगठा त्यांच्यावर थांबला; नुसता फिरवला असता तरी ते पुसले गेले असते.

मंगळूरहून कौलं भरून रत्नागिरीला निघालेल्या या फत्तेमारी गलबताला वाटेत वादळाने गाठलं होतं. वादळ ओसरून दोन दिवस झाले, पण आभाळ गच्च ते गच्चच. सूर्य नाही, चांदणी नाही. होकायंत्र फुटलेलं. पाण्याची दोन पिंपं वाहून गेली होती आणि तिसऱ्यात माणशी अर्धी करवंटी, तीही उद्या सकाळपर्यंतच पुरली असती. तांडेल म्हणून महिपतची ही पहिलीच सफर होती.

तो वळला. "अडतीस वाव खोल. वाळू."

खलाशांपैकी केरू म्हणाला, "शीड चढवायचं नाय. आभाळ उघडेपर्यंत थांबू. उलट्या बाजूला गेलो तर संपलंच."

तीस वर्षं समुद्रावर काढलेला धोंडू पुढे आला. त्याने विचारलं, "महिपता, जमीन कुठल्या अंगाला हाय ते तुला नक्की ठाव हाय?"

"नाय," महिपत म्हणाला. "पण ही मोठी लाट पश्चिमेकडची हाय असं मला वाटतं. ती पाठीवर घेऊन चालू. चार वेळा तळ बघू. पाणी उथळ होत गेलं तर तशीच पुढं. खोल झालं तर मीच सुकाणू फिरवीन. थांबायचं म्हटलं तर उद्या सकाळी पिंप रिकामं."

त्याने हातातली दोरी केरूपुढे धरली. "तळ तू बघायचा. वर आलं की आधी सगळ्यांना दाखवायचं, मग मला."

केरूने दोरी घेतली, पण तोंड वाकडंच ठेवलं.

ठिगळ लावलेलं शीड चढलं. महिपत सुकाणूशी उभा राहिला. खलाशी त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून त्याने नजर समोर ठेवली आणि बाळा नावाच्या खलाशाला टेहळणीसाठी डोलकाठीवर चढवलं, धोंडूला बुडातलं पाणी उपसायला लावलं.

छत्तीस वाव, वाळू. पस्तीस, वाळूच. तेहतीस, तरीही वाळू.

तिसऱ्या खेपेनंतर केरू त्याच्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबू अजून पोर हाय, शिडाखाली तोंड झाकून बसलाय. पुढच्या वेळी चिखल लागला म्हणून सांगू काय? तेवढाच धीर येईल."

महिपतने त्याच्याकडे पाहिलं. सकाळी वाळूवर थांबलेला स्वतःचा अंगठा त्याला आठवला.

"नको," तो म्हणाला. "वाळू असली तर वाळूच सांग. बाबूला तुझ्याबरोबर दोरीला घे. हाताला काम असलं की बरं वाटेल."

चौथ्या खेपेला दोरी बाबूने ओढली. केरूने शिसं हातात घेतलं, बोट लावलं आणि ते धोंडूकडे दिलं. धोंडूने बाळाला खाली बोलावलं. करडा, मऊ चिखल या हातातून त्या हातात फिरला आणि महिपतपर्यंत आला तेव्हा चरबीवर बोटांचे ठसे तेवढे उरले होते.

"एकोणतीस वाव," केरू म्हणाला.

दिवस कलायच्या आधी बाळाला माडांची रांग दिसली. मग लांबलचक पांढरी पुळण दिसली. माडांमधून चुलींचा धूर वर चढताना दिसला. खलाशी सगळे एका अंगाला गोळा झाले, कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"ही काय आपली रत्नागिरी नाय," केरू म्हणाला.

"नाय. हे गुहागर," महिपत म्हणाला. "वादळाने आपल्याला इतकं वर लोटलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाय. अंदाज माझा चुकला."

नांगर पडला. किनाऱ्यावरून एक होडी पाण्याची भांडी घेऊन निघाली, तशी सगळे तिकडे हात हलवू लागले. धोंडू मागे वळला. महिपत अजून सुकाणूशीच उभा होता.

धोंडू त्याच्याजवळ गेला. लाकडाभोवती घट्ट आवळलेली महिपतची बोटं त्याने एकेक करून सोडवली.

"खाली बस आता," तो हळू म्हणाला. "आम्ही हाव."