काठोकाठ

नईमने टेप वर ओढला, टोकाचं वजन तळहातावर घेतलं आणि फुंकर मारली. धूळ उडाली.

"कोरडी ठाक हाय की मॅडम. मार्चात सांगितलं तेच आज."

पूर्णिमा विहिरीच्या काठाशी उभी होती. जिल्ह्यातल्या निरीक्षण विहिरींचे आकडे कोल्हापूरच्या कचेरीत बसून संगणकात भरायचे, हे तिचं काम. शाहूवाडीच्या डोंगरातली ही वाडी तिने आजवर फक्त नकाशावर पाहिली होती.

जमिनीपासून पाणी किती खोल, हे मोजून नोंदवायचं असतं. मार्चमध्ये विहिरी मोजणाऱ्या नईमने 'कोरडी' असं कळवलं. रकान्यात आकडाच हवा होता, मोकळा सोडला तर गाडी पुढे सरकेना. पाणी नाही म्हणजे शून्य, असं म्हणून तिने शून्य भरलं. संगणकाने त्याचा सरळ अर्थ लावला, की पाणी वर जमिनीच्या पातळीपर्यंत आलंय. वाडीचा ठिपका निळा झाला. काल कचेरीत आलेल्या नईमने तो पडद्यावर पाहिला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"टँकर मागाय गेलतो आम्ही," अंबूबाई म्हणाली. विहीर तिच्याच परड्यातली. "तर सायेब म्हणतंय, तुमची हिर काठोकाठ हाय. आमचं सरपंच माघारी आलं आन् तासभर हिरीत वाकून बसलं. मला म्हणतंय, अंबूबाई, सायबास्नी तितनं दिसतंय ते आपल्याला हितनं का दिसंना?"

नईमला हसू आवरेना. पूर्णिमाने मान खाली घातली.

"मावशी, ती चूक माझी. चुकीचा आकडा मी भरला."

एवढं बोलायलाच ती इतक्या लांब आली होती. बोलून झाल्यावर ते फारच थोडं वाटलं.

"मग आता टँकर ईल?"

"येईल. आत्ता इथंच दुरुस्त करते. उद्या स्वतः साहेबांपुढे जाऊन उभी राहते."

अंबूबाईने गोठ्याकडे पाहिलं. दावणीला नुसती दोरी होती.

"म्हस हुती माझी. गाभण. खालच्या वड्यावरनं घागरीनं पाणी आणून किती पाजनार? तडफडाय लागली. मग दिली. पाणी हाय असं घर बघून दिली, लेक दिल्यागत."

"परत आणता नाही यायची, मावशी?"

"दिल्याली लेक माघारी आनत्यात व्हय?"

पूर्णिमाने मोबाईल काढला आणि नकाशा उघडला. डोळे बारीक करून अंबूबाई तिच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"ह्यो निळा टिपका म्हंजे आमची हिर?"

"हो."

"भरल्याली?"

"हो, मावशी. आता पुसते."

तिचं बोट ठिपक्यावर टेकणार, तोच अंबूबाईने तिचं मनगट धरलं. त्या धरण्यात राग नव्हता.

"ऱ्हाऊ दे की वाईच, पोरी," ती म्हणाली. "बघू दे."