पुलावरचे तीनशे बारा

त्या मोठ्या युद्धाचा धडा आला की इतिहासाच्या बाई दरवर्षी आपल्या वडिलांना वर्गात घेऊन येत.

"पुस्तक म्हणतं, पुलावर तीनशे बारा सैनिक मेले. त्यातला एक मी," खुर्चीत ऐसपैस बसून ते सांगत. "तेव्हा पोरांनो, तीनशे अकरा लिहा."

मुलं तसं लिहीत आणि हटकून गुण घालवत. पाठ्यपुस्तक मंडळाला बाईंच्या वडिलांनी एकवीस पत्रं धाडली. उत्तर ठरलेलं: 'पुढील आवृत्तीत विचार करू.'

यंदा बाई एकट्याच आल्या.

"बाई, माझी ताई म्हणाली, आजोबा तीनशे अकरा लिहायला सांगतात," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "तेच लिहू ना?"

बाईंनी रिकामी खुर्ची भिंतीकडे सरकवली.

"नको, तीनशे बाराच लिही. मंडळानं चिकाटीनं वाट पाहिली. गेल्या मंगळवारी पुस्तक बरोबर झालं."